घराण्यातला रक्तदाब

‘आमच्या घराण्यातच रक्तदाब आहे’ हे वाक्य नीरा-भीमेच्या संगमावरील आपल्या नरसिंहपुरातही घरोघरी ऐकू येते. त्यात तथ्य आहे. मात्र ते कितपत, हे पाहिले पाहिजे.

समरूप जुळ्यांची जनुके जवळजवळ सारखीच असतात, भिन्न जुळ्यांची सामान्य भावंडांइतकीच जुळतात. या दोहोंच्या तुलनेवरून असे अनुमान निघते, की माणसामाणसांतील रक्तदाबाच्या फरकाचा सुमारे 30 ते 50 टक्के भाग जनुकांशी निगडित आहे. वजनाच्या बाबतीत तो बहुधा अधिकच. हा आकडा समूहाचा आहे. ‘माझा निम्मा रक्तदाब आजोबांकडून आला’ असा त्याचा अर्थ नव्हे! शिवाय रक्तदाबाचे असे एकच जनुक नाही. शेकडो जनुके प्रत्येकी किंचित भर घालतात. वजनाशी संबंधित म्हणून 2007 साली उजेडात आलेल्या एफटीओ जनुकाचा प्रभावही नियमित श्रम करणाऱ्यांत कमी आढळतो.

वारशाची दुसरी वाट मात्र आपल्याच जिल्ह्यात दिसून आली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तेथील नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे 2.7 किलो होते, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे 3.5 किलो. आपली बाळे हडकुळी. पण स्नायू कमी असूनही त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून राहिलेली. ज्या मातांच्या रक्तात बी-12 जीवनसत्त्व कमी व फोलेट अधिक होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक दिसली. हा वारसा जनुकांतून आलेला असेलच असे नाही. गर्भारपणातील आईच्या आहाराचाही त्यात वाटा असतो. घराण्याची कुंडली मांडताना ही बाब सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

म्हणून केवळ वजनकाट्यावर विसंबता येत नाही. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी युडकिन यांचा देहभार निर्देशांक अगदी एकच, 22.3 होता, चरबी मात्र एकाची 21 टक्के, दुसऱ्याची 9. हे 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये छायाचित्रासह छापून आले.

तेव्हा वसतिगृहातील तपासणीत स्थूल मुलांबरोबरच, ज्यांच्या घरी रक्तदाब आहे अशा सडपातळ मुलामुलींचाही रक्तदाब मोजावा. तेराव्या वर्षापासून 120/80 च्या खालचा रक्तदाब सर्वसाधारण मानतात. मोजण्यापूर्वी पाच मिनिटे स्वस्थ बसवावे, पट्टा दंडाच्या मापाचा असावा, आणि आकडा जास्त आल्यास वेगवेगळ्या दिवशी पुन्हा मोजून मगच डॉक्टरांकडे न्यावे.