सोळा नियमांनंतर

व्याकरण आधी की भाषा आधी, हा वाद वर्गात निघाला की मला एस्पेरांतो आठवते. तिथे उत्तर सरळ आहे : व्याकरण आधी. डॉ. झामेनहोफ या नेत्रवैद्याने १८८७ साली वॉर्सा येथे सोळा नियमांसह ही भाषा प्रसिद्ध केली. १९०५ साली ‘फुंदामेंतो’ हा आधारग्रंथ निघाला, आणि फ्रान्समधील बुलोन्यच्या पहिल्या जागतिक संमेलनाने तो अपरिवर्तनीय ठरविला. खुद्द झामेनहोफना तो बदलण्याचा अधिकार उरला नाही!

मग भाषा गोठली काय? तसे झाले नाही. प्रस्तावनेतच एक दार उघडे होते. जुने रूप काढावयाचे नाही. मात्र अधिकृत संस्थेने शेजारी नवे रूप ठेवावे, म्हणजे जुने हळूहळू आर्ष ठरेल.

लोक तर संस्थेसाठीही थांबले नाहीत. ‘आकाश निळे आहे’ हे ‘ला चिएलो एस्तास ब्लूआ’ असे सांगत. पुढे ‘ला चिएलो ब्लूआस’ असेही लिहू लागले. विशेषणाच्या धातूलाच क्रियापदाचा प्रत्यय! नियमांची मनाई नव्हती, इतकेच.

खरा तंटा कर्मणी धातुसाधितांवरून पेटला. ‘घर अमुक साली बांधले गेले’ येथे ‘कोन्स्त्रूआता’ म्हणावे की ‘कोन्स्त्रूईता’? प्रत्यय दोन्ही नियमांत होते. पण ते काळ दाखवितात की क्रियेची पूर्णता, याचा उलगडा नव्हता. जो तो आपल्या मातृभाषेच्या सवयीने अर्थ लावी. अखेर १९६७ साली अकादमीने ‘ईता’च्या, म्हणजे पूर्णतेच्या, बाजूने कौल दिला. झामेनहोफही तसेच लिहीत. म्हणजे ऐंशी वर्षांनी नियमाचा अर्थ वापरावरून ठरला.

हे वाचून मला जरा धीर आला. आमच्या घरी आई ‘मी गेल्ती’ म्हणते. मी ते शाळेच्या वहीत लिहिले तेव्हा तांबडी रेघ आली, आणि वर्ग हसला. ‘होती’तला ‘हो’ गिळला जातो तो बोलण्याच्या ओघात. त्यामागेही रीत आहे, हे तेव्हा मला सांगता आले नाही.

आज एस्पेरांतोत नवा वाद आहे. ‘पात्रो’ म्हणजे बाप, आणि त्यालाच प्रत्यय लावून ‘पात्रीनो’, आई. ही एकांगी रचना अनेकांना खटकते. स्त्री-पुरुष भेद न करणारे ‘री’ हे सर्वनाम फुंदामेंतोत नाही. तरी तरुण मंडळी ते सर्रास वापरतात.