वेढ्यातील खरेदीखत

शास्त्रपाठ : यिर्मया २८:१-११, २९:१०, ३२:६-२७

पाऊस लांबला, पेरणी दुबार झाली, किंवा वेचणीच्या वेळी कापूस भिजून गेला, म्हणजे "शास्त्रातील आशा ती कोठे आहे?" असा प्रश्न मंडळीत उठतो. त्याचे उत्तर यिर्मयाच्या ग्रंथात पाहू या.

१. खोटी आशा. हनन्या याने मंदिरात जाहीर केले की, दोन वर्षांच्या आत बाबेलच्या राजाचे जू मोडेल. ते लोकांस गोड वाटले असेल. परंतु देवाने यिर्मयाकडून कळविलेली मुदत सत्तर वर्षांची होती. यास्तव उपदेशकांनी सावध असावे. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यास "यंदा खात्रीने पिकेल" असे देवाच्या नावाने सांगण्याचा अधिकार आपणांस नाही. पीक बुडाले म्हणजे अशा बोलण्याबरोबर त्याचा विश्वासही बुडतो.

२. खरी आशा. सिद्कीया राजाच्या दहाव्या वर्षी यरुशलेमेस खास्द्यांचा वेढा पडला होता आणि यिर्मया कैदेत होता. अशा वेळी त्याने चुलतभाऊ हनामेल याचे अनाथोथ येथील शेत सतरा शेकेल रुपे तोलून देऊन विकत घेतले. साक्षीदार बोलाविले, खतावर शिक्का केला, आणि ते बारूखाकडून मातीच्या भांड्यात ठेवविले, अशासाठी की ते पुष्कळ दिवस टिकावे. नगर पडणार हे त्यास ठाऊक होते. तरी ह्या देशात पुन्हा शेते व मळे विकत घेतले जातील, ह्या वचनावर त्याने आपला पैसा मोजला. आशा ही अशी करणीत दिसते.

३. आपल्या मुलुखातील दृष्टांत. परभणीकडील वृद्ध मंडळी ज्यास 'बहात्तरचा दुष्काळ' म्हणतात, त्या काळी, म्हणजे १९७२-७३ साली, पाऊस फसल्यामुळे महाराष्ट्रात लक्षावधी माणसे दुष्काळी कामांवर गेली. त्यांनी खडी फोडली, बांध घातले, पाझर तलाव खोदले. आभाळात ढग नसताना तलाव खोदणे हे वेढ्यात शेत घेण्यासारखेच नव्हे काय? ते हात पोटासाठी राबत होते हे खरे. तथापि पुढे पाऊस आला तेव्हा पाणी साठविण्यास जागा तयार होती.

४. आशा आणि शंका. खरेदी आटोपल्यावर यिर्मयाने प्रार्थना केली, आणि तीत आपला गोंधळ लपविला नाही : शत्रूचे मोर्चे भिंतीस भिडले असता शेत घे असे तू मला कसे सांगतोस? देवाने त्यास रागे भरले नाही. आपणास काही अशक्य आहे काय, असे उलट विचारले. म्हणून जो विश्वासी रडतो व विचारतो, त्यास अल्पविश्वासी म्हणू नये.

बोध. खचलेल्या बंधूच्या घरी जा. आधी त्याचे ऐका. बँकेच्या व पीकविम्याच्या कागदांस मदत करा. "जगावेसे वाटत नाही" असे तो बोलला, तर त्यास एकटे सोडू नका. घरच्यांस सांगा आणि त्यास सरकारी दवाखान्यात घेऊन जा. मग त्याच्याबरोबर प्रार्थना करा. हेही एक खरेदीखतच होय.

प्रश्न : (१) हनन्याचे बोलणे लोकांस का आवडले असेल? (२) खत मातीच्या भांड्यात का ठेविले? (३) ह्या आठवड्यात आपली मंडळी कोणाच्या घरी जाईल?