गोदीतली धूळ, निवृत्तीनंतरचा दम

छातीत पाणी झालेला पासष्टीचा माणूस समोर आला की आपल्याकडे डॉक्टरला आधी क्षय आठवतो. त्यात चूक काही नाही, आपल्या देशात क्षय आहेच एवढा. पण हा माणूस तरुणपणी मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डात, माझगाव डॉकमध्ये किंवा दारूखान्यातल्या जहाजतोडणीत कामाला होता का, हे फार थोड्या दवाखान्यांत विचारलं जातं. रुग्णही आपणहून सांगत नाही. नोकरी संपून इतकी वर्षं झाली, आता त्या नोकरीचा आणि या खोकल्याचा काय संबंध, असं त्याला वाटतं.

संबंध असू शकतो. आजचा सल्ला गोदीत, जहाजबांधणीत, जहाजदुरुस्तीत किंवा जहाजतोडणीत आयुष्य घातलेल्या कामगारांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे.

ही धूळ आली कुठून?

वाफेवर चालणाऱ्या जहाजात बॉयलरपासून टर्बाइनपर्यंत तापलेल्या पाइपांचं जाळं असतं. उष्णता बाहेर पडू नये आणि आग लागू नये म्हणून या पाइपांवर जाड आवरण चढवत. त्याला गोदीत ‘लॅगिंग’ म्हणतात. विसाव्या शतकाचा बराच काळ जगभरच्या नौदलांत हे लॅगिंग ॲस्बेस्टॉसचं असे. गास्केट, व्हॉल्व्हचं पॅकिंग, वेल्डिंगच्या वेळी पांघरायची चादर, केबिनच्या भिंतींचे पत्रे यांतही ते असे. ॲस्बेस्टॉस जळत नाही, गंजत नाही आणि स्वस्त मिळतं, म्हणून ते सगळ्यांना हवंहवंसं होतं.

नव्या जहाजात ते बसवताना धूळ उडायचीच, पण खरा धुरळा उडायचा दुरुस्तीत. जहाज रिफिटला, म्हणजे मोठ्या दुरुस्तीला, आलं की जुनं, सुकून ठिसूळ झालेलं लॅगिंग हातोडी-छिन्नीने फोडून काढत. इंजिन रूम बंदिस्त, हवा खेळती नाही. त्यामुळे लॅगिंग काढणाऱ्याच्या शेजारी काम करणारा फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, सुतार, रंगारी आणि झाडूवालाही तीच हवा ओढत असे. इंग्लंडमधल्या डेव्हनपोर्टच्या नौदल गोदीत १९६०च्या दशकात झालेल्या पाहण्यांतून हेच पुढे आलं. ज्यांनी लॅगिंगला कधी हात लावला नाही, त्यांच्याही छातीत त्याच्या खुणा सापडल्या. म्हणून ‘मी कुठे ॲस्बेस्टॉसचं काम करत होतो’ असं म्हणून विषय सोडू नका.

शरीरात काय होतं?

ॲस्बेस्टॉसचे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक असतात. श्वासाबरोबर ते फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात आणि शरीराला ते विरघळवता येत नाहीत. वर्षानुवर्षं तिथे दाह होत राहतो. त्यातून मुख्यतः चार गोष्टी घडू शकतात.

एक, फुप्फुसाच्या आवरणावर जाड चट्टे उठतात. त्यांना ‘प्लुरल प्लाक’ म्हणतात. हे चट्टे म्हणजे कर्करोग नव्हे आणि बहुतेकांना त्यांचा त्रासही होत नाही. पण ते या माणसाने ॲस्बेस्टॉस ओढल्याची खूण असतात, म्हणून रिपोर्टमध्ये त्यांची नोंद हवी.

दोन, ॲस्बेस्टोसिस. यात फुप्फुसं चिवट होऊन आकसतात. जिना चढताना दम लागतो, कोरडा खोकला राहतो, काहींच्या बोटांची टोकं फुगीर होतात. ही लक्षणं सहसा पहिल्या संपर्कानंतर दहा-वीस वर्षांनी किंवा त्याहूनही उशिरा दिसू लागतात.

तीन, फुप्फुसाचा कर्करोग. इथे बिडी-सिगारेटचा हिशेब पाहा. अमेरिकेतल्या लॅगिंग कामगारांवरचा १९७९ सालचा अभ्यास प्रसिद्ध आहे. दोन्हींपासून दूर असलेल्या माणसाच्या तुलनेत नुसत्या ॲस्बेस्टॉसने या कर्करोगाने मृत्यूचा धोका सुमारे पाचपट, नुसत्या धूम्रपानाने सुमारे दहापट आणि दोन्ही एकत्र आले की सुमारे पन्नासपट होतो, असं त्यात दिसलं.

चार, मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा कर्करोग. ॲस्बेस्टॉसशी त्याचं नातं दक्षिण आफ्रिकेत वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० साली दाखवून दिलं. हा आजार साधारण तीस-चाळीस वर्षांनी डोकं वर काढतो. त्याचा धूम्रपानाशी संबंध नाही, त्यामुळे निर्व्यसनी माणसालाही तो होतो. कपड्यांवरून घरी आलेली धूळ झटकून ते कपडे धुणाऱ्या बायकांनाही तो झाल्याचं अनेक देशांत नोंदलं गेलं आहे. तेव्हा ज्यांचे यजमान गोदीत होते, त्या काकूंनी आणि आजींनीही डॉक्टरांना ही गोष्ट सांगावी.

घाबरून जाऊ नका. गोदीत काम केलेल्या प्रत्येकाला हे आजार होतात असं नाही. किती वर्षं, किती धुळीत आणि किती बंदिस्त जागेत काम केलं यावर ते बरंचसं अवलंबून असतं.

तपासणीला जाताना

डॉक्टरांकडे गेल्यावर पहिल्या दोन मिनिटांत आपलं काम सांगा. कुठल्या गोदीत, कुठल्या शॉपमध्ये, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, बॉयलर किंवा इंजिन रूममध्ये किती काळ, हे एका कागदावर लिहूनच न्या. डॉक्टरांनी ते केस पेपरवर लिहिलं का, तेही बघा. पुढे नुकसानभरपाई मागायची वेळ आली तर ही एक ओळ फार मोलाची ठरते.

छातीचा एक्स-रे, फुप्फुसांची क्षमता मोजणारी फुंकर चाचणी आणि गरज वाटल्यास एचआरसीटी स्कॅन, एवढ्यावर बरंच कळतं. सुरुवातीचा ॲस्बेस्टोसिस साध्या एक्स-रेत निसटू शकतो. छातीत पाणी झालं असेल आणि कामाचा असा इतिहास असेल, तर फक्त पाण्याच्या तपासणीवर, त्यातलं एडीए (क्षयात वाढणारं एन्झाइम) वाढलं एवढ्या आधारावर क्षयाचे उपचार सुरू करून निश्चिंत होऊ नका. पाणी पुन्हा भरत असेल, छाती सतत दुखत असेल किंवा वजन उतरत असेल तर दुर्बिणीतून फुप्फुसाच्या आवरणाचा तुकडा काढून तपासण्याबद्दल छातीरोगतज्ज्ञांना विचारा. मेसोथेलिओमाचं पक्कं निदान सहसा त्यातूनच होतं. परळच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी तुकड्याच्या खास तपासण्या होतात.

ॲस्बेस्टोसिस पूर्ण बरा करणारं औषध नाही. फुप्फुसातला तंतू बाहेर काढतो असं सांगणारी कुठलीही जाहिरात, काढा किंवा ‘डिटॉक्स’ यांवर निवृत्तीची पुंजी उधळू नका. उपयोगाच्या गोष्टी साध्या आहेत. बिडी-सिगारेट आजच बंद करा. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी डॉक्टरांना विचारून घ्या. रोज जमेल तेवढं चाला आणि श्वसनाचे व्यायाम शिकून घ्या. फुप्फुस वेगाने आकसत असेल तर तो वेग कमी करणारी औषधं काही रुग्णांना देता येतात, प्राणवायू कमी पडत असेल तर घरी ऑक्सिजन देता येतो. आणि त्रास नसला तरी ठरावीक काळाने तपासणी चुकवू नका.

नुकसानभरपाईचं काय?

हा प्रश्न डॉक्टरचा नाही असं कुणी म्हणेल. पण व्यवसायजन्य आजारात भरपाईचा पाया डॉक्टरच्या कागदावरच उभा राहतो. शिवाय या आजारात एक मोठी गोची आहे. १९२३च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात ॲस्बेस्टोसिस आणि ॲस्बेस्टॉसमुळे होणारे फुप्फुसाचा कर्करोग व मेसोथेलिओमा हे व्यवसायजन्य आजार म्हणून मोडत होते. मात्र त्यातली मुदत दोन वर्षांची, आणि नोकरी सुटल्यानंतर दिसलेल्या आजारासाठीची तरतूदही नोकरी सुटल्यापासून दोन वर्षांत लक्षणं दिसण्याची. आजार येतो तीस वर्षांनी! पुरेसं कारण असेल तर उशीर माफ करण्याचा अधिकार आयुक्तांना आहे, म्हणून निदानाची तारीख दाखवणारा कागद जपा आणि निदानानंतर एक दिवसही वाया घालवू नका. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा विषय सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये आला आहे. तुमच्या दाव्याला जुनी तरतूद लागते की नवी, हे वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा.

तुम्ही कुणाच्या पगारपत्रकावर होतात, त्यावर मार्ग ठरतो.

* ईएसआयचे (कर्मचारी राज्य विमा योजनेचे) विमाधारक: व्यवसायजन्य आजाराचा लाभ ईएसआयकडूनच मिळतो. कायमच्या अपंगत्वाची टक्केवारी वैद्यकीय मंडळ ठरवतं. एकाच आजारासाठी ईएसआय आणि मालक अशा दोघांकडून भरपाई घेता येत नाही.
* ईएसआयबाहेरचे कामगार: जुन्या तरतुदीनुसार दावा कर्मचारी नुकसानभरपाई आयुक्तांकडे करायचा. महाराष्ट्रात हे काम कामगार न्यायालयात चालतं. रक्कम वेतन, वय आणि अपंगत्वावर ठरते. हिशेबासाठी मासिक वेतनाची मर्यादा २०२० पासून १५,००० रुपये आहे. रक्कम वेळेत दिली नाही तर त्यावर १२ टक्के व्याज लागतं.
* ठेकेदाराकडचे कामगार: ठेकेदार गायब झाला म्हणून हात झटकून बसू नका. ज्याच्या आवारात त्याच्याच धंद्याचं काम झालं, त्या मूळ मालकावरही कायद्याने जबाबदारी टाकली आहे.
* नौदल गोदीतले नागरी केंद्रीय कर्मचारी: सेवेमुळे आलेल्या आजारासाठी असाधारण निवृत्तिवेतनाचे स्वतंत्र नियम आहेत. तुमचा वर्ग त्यात येतो की कामगार भरपाईच्या कायद्यात, हे सर्व्हिस बुक पाहून आपल्या युनियनकडून किंवा लेखा कार्यालयाकडून नक्की करून घ्या.
* नौसैनिक: आजार सेवेमुळे झाला किंवा सेवेमुळे बळावला असं मान्य झालं तर अपंगत्व निवृत्तिवेतन मिळू शकतं. अर्ज फेटाळला तर आधी खात्यात अपील करा, त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ आहे. कागदपत्रांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत घ्या.

सर्वोच्च न्यायालयाचा २७ जानेवारी १९९५चा निकाल तुमच्या वकिलाला जरूर दाखवा. कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरने केलेल्या या खटल्यात कामगाराचं आरोग्य हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयाने म्हटलं. ॲस्बेस्टॉस उद्योगातल्या प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षं किंवा नोकरी संपल्यावर १५ वर्षं, यांपैकी जो काळ उशिरा संपेल तोपर्यंत जपावी, असा आदेश दिला. बाधित कामगाराला एक लाख रुपये भरपाईही ठरवली. २०११ साली न्यायालयाने ॲस्बेस्टॉसवर बंदी घालायला नकार दिला, पण हे निर्देश कायम ठेवले.

अमेरिकेत चित्र वेगळं आहे. तिथल्या नौदल गोदीतले नागरी कर्मचारी सरकारी भरपाई योजनेत येतात, नौसैनिक माजी सैनिकांच्या खात्याकडे जातात आणि दोघेही ॲस्बेस्टॉसचा माल बनवणाऱ्या कंपन्यांवर दावा लावू शकतात. जॉन्स-मॅनव्हिल या बड्या कंपनीने १९८२ साली दिवाळखोरीचा अर्ज केला, तो अशाच दाव्यांच्या ओझ्याखाली. पुढे पीडितांसाठी अशा कंपन्यांच्या पैशातून विश्वस्त निधी उभे राहिले. आपल्याकडे असा निधी नाही. म्हणून कागद जमवण्याचं काम आपल्यालाच करावं लागतं.

कागदांची पिशवी

आजार नसला तरी हे आताच एकत्र करा: नेमणुकीचं पत्र, सर्व्हिस बुकातली पानं, जुन्या पगाराच्या पावत्या, गेट पास किंवा ओळखपत्र, पीपीओ, पीएफची नोंद, कंपनीच्या दवाखान्यातले केस पेपर आणि सगळे जुने एक्स-रे, फिल्मसकट. एक्स-रे भंगारात देऊ नका. सोबत काम केलेल्या दोन-तीन सहकाऱ्यांचे फोन नंबर लिहून ठेवा, उद्या साक्षीला तेच उपयोगी पडतील. सरकारी गोदीच्या नोंदी माहितीच्या अधिकारात मागता येतात. औद्योगिक कामगाराला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा.

आज कामावर असलेल्यांना

१ जानेवारी २०११ पासून आंतरराष्ट्रीय नियमांनुसार जहाजांवर ॲस्बेस्टॉस नव्याने बसवायला बंदी आहे. पण नौदलाच्या जहाजांना ते नियम लागू होत नाहीत आणि जुन्या जहाजांत ते आजही आहे. आवरण फोडण्यापूर्वी ते कशाचं आहे हे विचारा. कोरडं फोडू नका, पाणी मारून ओलं करा. हवेच्या दाबाने किंवा झाडूने साफसफाई करू नका. नाकाला बांधलेला रुमाल या तंतूंना अडवत नाही, योग्य दर्जाचा श्वसनमुखवटा मालकाकडून मागा. कामाचे कपडे घरी आणू नका.

माझ्या डॉक्टर मित्रांनाही एक विनंती. कारखान्यातल्या कामगारात ॲस्बेस्टोसिस आढळला तर तो कळवणं ही आपली कायदेशीर जबाबदारी आहे. केस पेपरवर वय आणि पत्त्याच्या खाली ‘काम काय करत होता’ हा रकाना रिकामा ठेवू नका. आणि वाचकहो, डॉक्टरांनी विचारलं नाही तर तुम्ही स्वतः सांगा.