राजीनामा मी दिलाच नव्हता

आमच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष ३ जानेवारीला सावित्रीबाईंवर बोलतात आणि १२ जानेवारीला जिजाऊंवर. सिंदखेडराजा आमच्याच जिल्ह्यातलं, त्यामुळे आवाज जरा जास्तच चढतो. त्याच महिन्याच्या शेवटी मी प्रसूती रजा संपवून हजर झाले, तर हेच गृहस्थ म्हणाले, "मॅडम, घरी दोन लेकरं. आता शाळेत लक्ष कसं लागणार?" माझ्यानंतर लागलेल्या सरांनाही दोन लेकरं आहेत. त्यांच्या लक्षाची काळजी कुणाला पडली नाही.

ऑफिसात गेले. बाबूंनी मस्टर काढलं, पण माझ्या हाती देईनात. मीच ओढून घेतलं. माझ्या नावावर लाल शाईची आडवी रेघ, पट्टी लावून नीट मारलेली, आणि खाली माझ्याच गणिताच्या तासिकांवर नवं नाव. नव्या नावाच्या सह्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून होत्या, म्हणजे मी रजेवर असतानाच सगळं ठरलं होतं. बाबू खिडकीकडे बघत म्हणाले, "तुमचा राजीनामा आला ना, मॅडम." नोकरी देताना कोऱ्या कागदावर सही घेण्याची पद्धत घाटावर आहे आणि घाटाखालीही. त्या कागदाचं पुढे काय होतं ते मला त्या खिडकीपाशी कळलं.

स्टाफरूममध्ये सगळे एकदम वह्या तपासायला लागले. एक जण तेवढे बाहेर आले आणि म्हणाले, "कायले संस्थेशी भांडता, बाई?" पुढे साक्षीची वेळ आली तेव्हा याच सरांना माझ्या रजेची तारीखसुद्धा आठवेना.

आता कामाचं. खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा कायदा आहे. आपण त्याला एमईपीएस म्हणतो. संस्थाचालक छातीठोकपणे सांगतात की विनाअनुदानित शाळेला तो लागू नाही. साफ खोटं. शाळेला मान्यता असली की कायदा लागू. त्याचं कलम ७ पाठ करून ठेवा: राजीनामा दोन प्रतींत लिहायचा, दोन्हींवर सही आणि तारीख टाकायची, एक प्रत रजिस्टर्ड पोस्टाने संस्थेला पाठवायची, दुसरी स्वतःकडे ठेवायची. माझा तथाकथित राजीनामा कुठल्या पोस्टातून आला, एवढंच माझ्या वकिलांनी विचारलं. संस्थेकडे उत्तर नव्हतं.

दाद मागायची ती शाळा न्यायाधिकरणात. आपल्याला अमरावती गाठावी लागते. शेगावहून बडनेऱ्याची गाडी धरा, एसटीपेक्षा बरी. काढल्याचा आदेश हाती पडल्यापासून ३० दिवसांत अपील करायचं. तोंडी काढलं असेल तर मस्टरवर सही करू दिली नाही तो दिवस धरून चला. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यासाठी सबळ कारण लागतं, आणि "अध्यक्ष म्हणाले, बसून मिटवू" हे कारण फार टिकत नाही. मिटवामिटवीच्या बैठका ते ३० दिवस उलटावेत म्हणूनच असतात. मलाही चहाला बोलावलं होतं. मी गेले नाही.

बुलढाण्याला शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज जरूर द्या, आवक क्रमांकाची पोच घ्या, पण त्यांच्या सुनावणीवर विसंबून राहू नका. कामावर परत घेण्याचा आदेश न्यायाधिकरण देतं. त्या ऑफिसचा खरा उपयोग वेगळाच. तुमची वैयक्तिक मान्यता आणि सेवाज्येष्ठता यादी माहितीच्या अधिकारात तिथून काढा. माझं नाव माझ्यानंतर लागलेल्या त्या सरांच्या वर होतं, हे शाळेच्या कपाटातून मला जन्मात मिळालं नसतं.

शांत राहा, तब्येत सांभाळा, घरच्यांना विश्वासात घ्या, हे सगळे सांगतात, मीही सांगते. त्यापेक्षा हे ऐका: संस्थेला पाठवलेलं पत्र "घेण्यास नकार" असा शेरा मारून परत आलं तर पाकीट फोडू नका. तसंच बंद ठेवा आणि वकिलांच्या हाती द्या. माझं असं एक पाकीट कोर्टात उघडलं गेलं तेव्हा सचिवांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तो आनंद मी लपवणार नाही.

अपील शक्यतो तीन महिन्यांत निकाली काढावं, असं कायदा म्हणतो. मी दाखल केलं तेव्हा लेक पाळण्यात होती. निकाल आला त्या वर्षी तिला अंगणवाडीत घातलं.

निकाल माझ्या बाजूने लागला, मागच्या पगारासह. पण निकाल लागला म्हणून पेढे वाटत बसू नका. आधी नागपूर खंडपीठात कॅव्हेट टाका, म्हणजे तुमचं म्हणणं न ऐकता परस्पर स्थगिती मिळणं अवघड होतं. ते ९० दिवस चालतं, मग पुन्हा टाकावं लागतं. महिला शिक्षणावर तासभर बोलणाऱ्या आमच्या अध्यक्षांनी स्थगितीसाठी नागपुरातला महागडा वकील लावला, आणि त्याची फी, असं ऐकते, शाळेच्या खात्यातून गेली. मी त्याचीही माहिती मागवली आहे.