गावाने आखलेली गावाची योजना

ग्रामसभेत ‘आपल्या गावास काय हवे?’ असा प्रश्न विचारला असता उत्तरे मिळण्यास विलंब लागत नाही. रस्ता, पाण्याची टाकी, समाजमंदिर, शाळेची भिंत – घटकाभरात कागद भरून जातो. या यादीतील गरजा खऱ्या असतात. परंतु तिला योजना म्हणता येत नाही. कोणती गरज आधी भागवावयाची, कोणती मागे ठेवावयाची आणि तसे का, हे तिच्यावरून समजत नाही. मग ज्याचा आवाज मोठा त्याच्या आळीतील रस्ता आधी होतो, आणि टोकाच्या वस्तीतील स्त्रिया पूर्वीप्रमाणेच डोक्यावरून पाणी आणीत राहतात.

गावाने आपली योजना आपणच करावी, या कल्पनेस राज्यघटनेच्या ७३ व्या दुरुस्तीने आधार दिला. ही दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली. शेती, लघुपाटबंधारे, पिण्याचे पाणी, शिक्षण, आरोग्य असे २९ विषय अकराव्या अनुसूचीत दिले असून, त्यांविषयी योजना आखण्याचे अधिकार राज्यांनी पंचायतींस द्यावेत अशी तरतूद आहे. मात्र नुसत्या अधिकाराने योजना होत नाही. त्यासाठी गावाची माहिती हवी, आणि ती गावकऱ्यांनी स्वतः पाहून, मोजून मिळविलेली हवी. या दृष्टीने केरळात जे घडले ते सविस्तर पाहण्याजोगे आहे.

केरळ शास्त्र साहित्य परिषद ही १९६२ साली स्थापन झालेली लोकविज्ञान संघटना. तिने तिरुवनंतपुरम येथील भूविज्ञान अध्ययन केंद्रातील शास्त्रज्ञांच्या साहाय्याने १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत पंचायतींच्या साधनसंपत्तीचे नकाशे करण्याचा उपक्रम हाती घेतला. कण्णूर जिल्ह्यातील कल्याश्शेरी पंचायतीचे नाव यासंबंधात विशेष घेतले जाते. कामाची पद्धत साधी होती. महसूल खात्याचा, भूमापन क्रमांक दाखविणारा नकाशा घ्यावयाचा. स्वयंसेवकांनी तो हातात धरून प्रत्येक तुकड्यावरून चालत जावयाचे. तेथे कोणते पीक आहे, जमीन पडीक आहे काय, विहीर कोठे आहे आणि तिला पाणी किती महिने असते, हे त्यावर नोंदवावयाचे. भूरूपे आणि खडक यांचे नकाशे शास्त्रज्ञांनी तयार करावयाचे. हे सर्व नकाशे एकावर एक ठेवून पाहिले, म्हणजे वेगवेगळ्या नोंदींत न दिसणारे संबंध दिसू लागतात. ज्या उतारावरून पाणी वाहून जाते त्याच्याच खाली कोरड्या विहिरी आहेत, अथवा भाताच्या कापणीनंतर विस्तीर्ण क्षेत्र रिकामे राहते, ही गोष्ट नकाशावर एका दृष्टिक्षेपात कळते. कल्याश्शेरीत अशा रिकाम्या राहणाऱ्या भातशेतांत उन्हाळी भाजीपाला पिकविण्याचा प्रयत्न झाला. ती शेते गावकरी रोज पाहतच होते. ती एकूण किती आहेत, हे कोणी मांडून पाहिले नव्हते.

या अनुभवाचा उपयोग पुढे राज्यव्यापी प्रमाणावर करण्यात आला. १७ ऑगस्ट १९९६ रोजी केरळात लोकयोजना मोहीम सुरू झाली, आणि राज्याच्या योजनानिधीपैकी ३५ ते ४० टक्के भाग स्थानिक संस्थांकडे सोपविण्याचे ठरले. पैसा आधी आणि योजना मागाहून, हा क्रम पुष्कळांस उलटा वाटला. पण हाती काही येणार नसेल तर सभेस येऊन लोकांनी डोके का शिणवावे?

केरळातील पंचायती आकाराने मोठ्या असल्याने तेथे ग्रामसभा प्रभागवार भरते. आरंभीच्या भाषणांनंतर सभेचे विषयवार लहान गट पाडीत. शेती, पाणी, आरोग्य, शिक्षण, स्त्रियांचे प्रश्न, अनुसूचित जाती-जमाती, असा प्रत्येक गट वेगळा बसे आणि प्रशिक्षण घेतलेला कार्यकर्ता चर्चा चालवी. पाचशे माणसांच्या सभेत जी स्त्री उभी राहून बोलणार नाही, ती वीस-पंचवीस जणांच्या गटात बोलते. तरीही पहिल्या फेरीत मतदारांपैकी साधारणतः दहांत एकच जण आला, व आलेल्यांत स्त्रिया सुमारे पाव होत्या. या उणिवेवर पुढे शेजारगटांचा उपाय उपयोगी पडला. मल्याळी भाषेत यास ‘अयल्कूट्टम’, म्हणजे शेजाऱ्यांचा मेळा, असे म्हणतात. १९९८ साली सुरू झालेल्या ‘कुटुंबश्री’ योजनेत दहा ते वीस स्त्रियांचा एक, असे गट उभे राहिले. एकेका घराची गरज तेथे आधी बोलली जाते आणि मग ग्रामसभेपुढे येते. योजनेतील दहावा हिस्सा स्त्रियांच्या कामांसाठी राखून ठेवण्याचाही दंडक होता.

सभेनंतरचे काम अधिक कष्टाचे असते. आलेल्या सूचना व जमविलेली माहिती यांवरून विकास-अहवाल लिहावयाचा, त्यावर परिसंवाद भरवावयाचा आणि प्रत्येक विषयाच्या कार्यगटाने कामांचे आराखडे व खर्चाचे अंदाज तयार करावयाचे. येथेच पुष्कळ पंचायती अडखळल्या. तेव्हा निवृत्त अभियंते, शिक्षक, कृषितज्ज्ञ यांची स्वयंसेवी तांत्रिक पथके उभारून आराखडे तपासून घेण्यात आले.

केरळात पाऊस भरपूर. जेथे तो थोडा, तेथे नकाशाबरोबर पाण्याचा हिशेबही मांडावा लागतो. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १० घनमीटर पाणी पडले. समजा, गावाचे क्षेत्र ५०० हेक्टर, पाऊस ६०० मिलिमीटर आणि वस्ती १,००० माणसांची आहे. वर्षाचे पाणी झाले ३० लाख घनमीटर. माणशी रोज ५५ लिटर धरल्यास पिण्यास व घरकामास वर्षाला सुमारे २०,००० घनमीटर पुरते. म्हणजे शंभरात एक भागही नाही. मग अशा गावात मे महिन्यात टँकर का येतो? बरेचसे पाणी वाहून जाते, बरेचसे वाफ होऊन जाते. मुरलेले पाणी कोण उपसतो, हा पुढचा प्रश्न. उसास वर्षभरात १,५०० ते २,५०० मिलिमीटर पाणी लागते, म्हणजे हेक्टरी १५ ते २५ हजार घनमीटर. एका हेक्टर उसाची गरज आणि हजार माणसांची वर्षाची गरज जवळजवळ सारखीच! हा आकडा सभेत फळ्यावर लिहिला गेला, की चर्चेचे स्वरूप बदलते. टाकी बांधावी की नाही, यापेक्षा टाकीत येणारे पाणी कोणाच्या वाट्याचे, हे ठरवावे लागते. आणि ते ठरविणे सुखाचे नसते.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या कमी पावसाच्या गावाने ते ठरविले. तेथे पर्जन्यमापके व निरीक्षणाच्या विहिरी यांवरून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात. पिण्याचे पाणी आधी राखून ठेवतात, उरलेल्यावर पिके ठरतात. पाऊस कमी झाला तर रब्बीचे क्षेत्र आखडते घेतात. शेतीसाठी खोल विंधनविहिरी घेण्यास व ऊस लावण्यास गावानेच मनाई केली आहे.

महाराष्ट्रात २०१५ पासून ‘आमचं गाव, आमचा विकास’ या उपक्रमाखाली ग्रामपंचायतींचे आराखडे तयार होऊ लागले. छापील नमुने भरून आराखडा पुरा करण्याचा मोह अशा वेळी होतो. नमुना भरण्यापूर्वी गावाजवळ स्वतःच्या काही नोंदी असाव्यात, आणि त्या कामास शाळेइतकी सोयीची संस्था दुसरी नाही. तलाठ्याकडून गावनकाशाची प्रत मिळवावी व तीवर विहिरी, हातपंप, ओढे आणि वस्त्या दाखवाव्यात. पाच-सहा विहिरी निवडून, दोरीस दगड बांधून, काठावरील एकाच खुणेपासून पाण्याची खोली ऑक्टोबर, जानेवारी व मे या महिन्यांत मोजावी. पाणी भरण्यास कोणत्या घरातून किती अंतर चालावे लागते, हे पावलांनी मोजले तरी चालेल. नोंदवहीची एक प्रत शाळेत व एक ग्रामपंचायतीत असावी, आणि ग्रामसभेच्या दिवशी ती सर्वांस पाहता येईल अशी मेजावर उघडी ठेवावी.