नवा लॅपटॉप लगेच फॉरमॅट मारू नका

नवा लॅपटॉप घरी आला की त्यावरची मूळ ऑपरेटिंग सिस्टीम काढून दुसरी टाकण्याची घाई अनेकांना होते. कुणाला विंडोज नको, लिनक्स हवे असते. कुणाला कंपनीने भरून दिलेली नको ती सॉफ्टवेअर उडवून कोरी विंडोज हवी असते. कुणी ओळखीच्या दुकानदाराला ‘जरा फॉरमॅट मारून दे’ असे सांगून मोकळा होतो. पहिल्या दोन इच्छा मला पूर्णपणे रास्त वाटतात. पैसे मोजून घेतलेल्या यंत्रावर काय चालावे हे मालकानेच ठरवायचे. माझा आक्षेप आहे तो घाईला. सुरुवातीचे काही आठवडे ती मूळ सिस्टीमच यंत्र धड आहे की सदोष, याचा घरच्या माणसाजवळचा सर्वांत भरवशाचा पुरावा असते, आणि पहिल्याच दिवशी फॉरमॅट मारणारा तो पुरावा आपल्याच हाताने पुसतो.

हे नीट समजून घ्यायला हवे. नव्या यंत्रातले दोष बहुधा सुरुवातीलाच डोके वर काढतात: एका बाजूचा स्पीकर खरखरतो, वायफाय मधेच तुटते, झाकण मिटून ठेवलेल्या लॅपटॉपची बॅटरी सकाळपर्यंत उतरते. कारखान्यातून आलेली सिस्टीम आणि तिच्यातले ड्रायव्हर त्याच मॉडेलसाठी जुळवलेले असतात. त्यामुळे त्या सिस्टीमवर दिसणारा दोष यंत्राचा असण्याची शक्यता खूप मोठी. तोच दोष नव्याने टाकलेल्या सिस्टीमवर दिसला, तर तो ड्रायव्हरचा की यंत्राचा, हे जाणकारालाही चटकन सांगता येत नाही. सर्व्हिस सेंटरचा माणूस ‘आधी मूळ विंडोज टाकून आणा’ म्हणतो तेव्हा त्याचे म्हणणे अगदीच चूक नसते. वॉरंटी हार्डवेअरची असली तरी दोष हार्डवेअरमध्येच आहे हे दाखवायला आपल्याकडे काही उरलेले नसते. त्यात ऑनलाइन खरेदीत बदलून मिळण्याची मुदत थोड्या दिवसांची असते. ड्रायव्हर शोधण्यात ती संपली, की सदोष यंत्र कायमचे आपले.

हल्ली बहुतेक लॅपटॉपमध्ये सिस्टीमशिवाय चालणारी तपासणी आतच दिलेली असते, मग मूळ विंडोज कशाला हवी, असे कुणी विचारेल. ती तपासणी उपयोगी आहेच, पण तिचा भर रॅम, डिस्क, बॅटरी यांवर असतो. बोटाचा ठसा ओळखणारे सेन्सर, कॅमेरा, झोपेतून जागे होणे हे सगळे रोजच्या वापरातच कळते.

लिनक्सच्या बाबतीत आणखी एक गोष्ट नवख्यांना उलटी वाटते: यंत्र जितके नवे, तितकी अडचण जास्त. लिनक्सचाच एक प्रकार असलेले उबुंटू २४.०४ एप्रिल २०२४ मध्ये आले, ते लिनक्सचा ६.८ क्रमांकाचा गाभा घेऊन. त्यानंतर बाजारात आलेली वायफाय चिप त्या गाभ्याला ओळखता येईलच असे नाही, आणि वायफाय नसेल तर ड्रायव्हर उतरवून घ्यायलाही इंटरनेट नाही. (अशा वेळी फोन यूएसबी केबलने जोडून त्याचे इंटरनेट वापरावे, बहुतेकदा ते चालते.) इंटेलच्या बाराव्या पिढीपासून काही महागड्या लॅपटॉपमध्ये आलेले नव्या पद्धतीचे कॅमेरे लिनक्सवर दीर्घकाळ रडतखडत चालले. याहून गंभीर प्रकार २०१७ मध्ये घडला. ऑक्टोबरमध्ये आलेल्या उबुंटू १७.१० मधल्या इंटेलच्या एका ड्रायव्हरमुळे लेनोवो आणि इतरही काही कंपन्यांच्या लॅपटॉपचे बायोस बिघडू लागले. बदललेली सेटिंग टिकेना, काही यंत्रे पेन ड्राइव्हवरून सुरू होईनात. डिसेंबरात ती आवृत्ती संकेतस्थळावरून काढून घ्यावी लागली आणि जानेवारी २०१८ मध्ये दुरुस्त करून पुन्हा दिली गेली. असे क्वचितच घडते, आणि लिनक्स वाईट असा त्याचा अर्थ मी काढत नाही. नवी आवृत्ती आणि नवे यंत्र यांची पहिली गाठ आपल्या घरी पडू देऊ नये, एवढाच काढतो.

पुसण्याआधी काय काय पुसले जाणार याची कल्पनाही अनेकांना नसते. विंडोजच्या परवान्याची चिंता त्यातल्या त्यात कमी: विंडोज ८ पासून कारखान्यातून येणाऱ्या संगणकांत त्याची किल्ली मदरबोर्डवरच साठवलेली असते, त्यामुळे तीच आवृत्ती पुन्हा टाकली की ती सहसा आपोआप सक्रिय होते. सोबत मिळालेल्या ऑफिसचे तसे नाही. ते एकदा उघडून आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडून घ्यावे लागते, आणि त्याआधीच डिस्क पुसली तर पैसे भरून घेतलेली वस्तू परत मिळवायला बराच खटाटोप करावा लागतो. ‘संपूर्ण डिस्क पुसून इन्स्टॉल करा’ हा पर्याय निवडला की सी ड्राइव्हबरोबर डी ड्राइव्ह जातो आणि कंपनीने ठेवलेला रिकव्हरीचा भागही जातो. आजच्या नव्या यंत्रांवर मला सर्वांत मोठा धोका वाटतो तो कूटबद्ध डिस्कचा. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून, मायक्रोसॉफ्ट खात्याने पहिला प्रवेश केला की बहुतेक नव्या संगणकांची डिस्क आपोआप कुलूपबंद होते, आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. मग सिक्युअर बूट बंद करायला किंवा बूटचा क्रम बदलायला जावे, तर विंडोज ४८ आकडी किल्ली मागते. ती किल्ली आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली असते. कशालाही हात लावण्याआधी ती कागदावर उतरवून घ्या.

मग दोन्ही सिस्टीम शेजारी शेजारी ठेवाव्यात, हा नेहमीचा सल्ला. मलाही तो पसंत आहे, पण त्याला धोक्यातून सुटका समजू नये. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटनंतर, दोन्ही सिस्टीम असलेल्या अनेक संगणकांवर लिनक्स सुरूच होईना. दोन सिस्टीम ठेवणाऱ्याला दोन्हींच्या बदलांवर लक्ष ठेवावे लागते. ते जमणार नसेल, तर घरातल्या एकुलत्या एका संगणकावर हा संसार मांडू नये.

थांबले की विंडोजवर कामाचा पसारा वाढतो आणि मग बदलणे होतच नाही, या आक्षेपात तथ्य आहे. त्यावर उपाय म्हणजे कागदपत्रे आणि फोटो पहिल्या दिवसापासून बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवणे. या काळात लिनक्स पेन ड्राइव्हवरून, इन्स्टॉल न करता, पुन्हा पुन्हा चालवून पाहता येते. डिस्क दिसते का, आवाज येतो का, घरचा प्रिंटर कागद ओढतो का, हे तिथेच कळते. आपले काम कशावर अडले आहे हेही तपासा. युनिकोड मराठी आणि इनस्क्रिप्ट कीबोर्ड लिनक्सवर उत्तम चालतात. पण श्रीलिपीतल्या जुन्या फाइली, टॅली किंवा फोटोशॉप यांवर पोट असेल तर विंडोज हाताशी राहू द्या. मूळ विंडोज आहे तोवर रिकव्हरीचा पेन ड्राइव्ह बनवा आणि त्यावरून यंत्र सुरू होते का ते एकदा पाहून घ्या.

दुकानातून ‘फॉरमॅट मारून’ घेण्याबद्दल मात्र मी ठामपणे नको म्हणेन. अनेकदा तिथे यंत्रासोबत आलेली परवान्याची होम आवृत्ती काढून चोरीची प्रो आवृत्ती बसवली जाते. ती सक्रिय करण्यासाठी अँटिव्हायरस बंद करून कुणा अनोळखी माणसाने लिहिलेला प्रोग्राम चालवला जातो, आणि त्याच संगणकावरून घरचे लोक बँकेचे व्यवहार करतात.

ज्यांना लिनक्स मनापासून हवे आहे, त्यांनी घरात पडून असलेल्या जुन्या संगणकापासून सुरुवात करावी. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० चिप किंवा पुरेसा नवा प्रोसेसर नसल्याने कितीतरी चांगली यंत्रे अडगळीत गेली आहेत. त्यांचे हार्डवेअर लिनक्सच्या ओळखीचे आहे आणि त्यांची वॉरंटी कधीच संपली आहे. त्यातला महत्त्वाचा मजकूर काढून घ्या, लिनक्स मिंट टाका आणि महिनाभर रोजचे काम त्यावर करून पाहा. नव्या लॅपटॉपचे काय करायचे ते त्यानंतर ठरवा.