दगडाचं वय कसं काढतात?

पेणहून रोह्याला आजीकडे जाताना काळा कातळ दिसतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा! आजीने विचारलं, "मग माणूस इथे कधी आला रे?" कॉन्व्हेंटात ॲडम-ईव्ह शिकलेला मी गप्प. म्हणून वाचायला बसलो.

आपल्याकडे आदिमानवाची हाडं क्वचितच मिळतात. १९८२ साली अरुण सोनकिया यांना नर्मदाकाठी हथनोरा येथे कवटीचा तुकडा सापडला, तो अपवाद. बाकी भिस्त दगडी हत्यारांवर. पण दगडाचं वय म्हणजे हत्याराचं वय नव्हे! म्हणून हत्यार ज्या थरात मिळालं, त्याचं वय काढायचं.

पुणे जिल्ह्यात कुकडी नदीवर बोरी गाव आहे. तिथे हत्यारांबरोबर ज्वालामुखीची राख मिळाली. राखेतल्या पोटॅशियम-४०पैकी काहीचं हळूहळू आरगॉन होतं. दोघांचं प्रमाण मोजलं की वय कळतं. १९८९ मध्ये उत्तर आलं सुमारे १४ लाख वर्षं, १९९५ मध्ये ६ लाख ७० हजार. काहींनी राखेच्या रासायनिक घटकांवरून ती सुमात्राच्या टोबा ज्वालामुखीची, म्हणजे फक्त ७५ हजार वर्षांपूर्वीची ठरवली! राखेत जुन्या कातळाचे कण मिसळले असतील, तर त्यातल्या जादा आरगॉनमुळे वय फुगतं.

खरं सांगतो, मला १४ लाखच आवडलं होतं. प्रॅक्टिकलला उत्तर आधी लिहून रीडिंग मागाहून जुळवणारे आपण! इथे मात्र तिन्ही आकडे छापले गेले आणि वाद उघडपणे चालला.

आजीला म्हटलं, "उत्तर अजून पक्कं नाही."

ती म्हणाली, "मग शोधा की!"